सुजाताचा डावा डोळा

ग्रहण जवळ आलं की सरकारी दवाखान्यात सगळ्यात जास्त मागणी कशाला येते, सांगा बघू. गोळ्यांना नाही, सलाईनलाही नाही. जुन्या एक्स-रे फिल्मना! मी कर्जतला होते तेव्हा आमचे एक्स-रेवाले अशा दिवसांत खोलीला आतून कडी लावून बसायचे आणि मला बजावून ठेवायचे, "मॅडम, कुणी विचारलं तर मी रजेवर." एकदा एक गृहस्थ स्वतःच्या वडिलांच्या छातीचा एक्स-रे घेऊन माझ्या टेबलापाशी आले. कात्रीनं त्याचे तुकडे केलेले, नातवंडाला एकेक. "बघा बरं मॅडम, ह्यातनं गिरान बघितलं तर चालतंय का?" मी एक तुकडा उजेडाकडे धरला. म्हाताऱ्याच्या बरगड्या दिसल्या. म्हटलं, "वडील कुठायत?" तर म्हणाले, "घरीच हायत की. खोकला गेला आता." मी सगळे तुकडे खणात टाकले आणि खणाला कुलूप लावलं. गृहस्थ तणतणत गेले. माझ्या नावानं साहेबांकडे तक्रारही केली म्हणे. करू देत. त्या पोरांचे डोळे तरी राहिले.

मी नेत्रचिकित्सा अधिकारी होते. नाव भारदस्त असलं तरी मी डॉक्टर नव्हे. ग्रामीण रुग्णालयात तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, टॉर्च मारून मोतीबिंदू पिकलाय का बघायचा, शस्त्रक्रियेची माणसं गोळा करून गाडीत घालून नगरला न्यायची आणि पट्टी काढल्यावर पुन्हा घरी पोचवायची, हे माझं काम. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ अजून जुन्याच वळणावर आहे, सांभाळून घ्या.) लोक मला 'डोळ्याच्या बाई' म्हणायचे. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांपासून तिसगावच्या बाजारापर्यंत सगळा जिल्हा मी माणसांच्या पापण्या उलटून उलटून बघितला आहे. स्वभाव माझा तिखट. पण सांगते, या नोकरीत गोड बोलून कुणी थेंब घालून घेत नाही.

डोळ्याचं साधं गणित असं. डोळ्यात मागच्या बाजूला पडदा असतो आणि त्या पडद्याच्या मधोमध मोहरीएवढी एक जागा. सुईत दोरा ओवताना, अक्षर वाचताना, माणसाचा चेहरा ओळखताना आपण तेवढ्याच जागेनं बघतो. बाकीचा पडदा आजूबाजूचं सांभाळतो. आपण सूर्याकडे टक लावून बघितलं की सूर्य नेमका त्या मोहरीवर येऊन बसतो आणि ती जाळतो. भिंगाखाली कागद जळतो ना, तसंच. आणि यातली वाईट गोष्ट अशी की दुखत नाही. पडद्याला दुखणं ठाऊकच नाही. नंतर पाणी नाही, लाली नाही, काही नाही. माणूस हसत हसत घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळतं की समोरच्याचं नाक दिसत नाही.

आता ग्रहणात असं वेगळं काय असतं? तर काहीही नाही. सूर्य रोजचाच. रोज आपण त्याच्याकडे बघू म्हटलं तरी डोळा मिटतो, मान वळते. त्या दिवशी मात्र बघण्यासारखं काही असतं आणि ऊनही थोडं मंद होतं, म्हणून माणूस बघत राहतो. काजळी धरलेल्या काचेतून बघतो, गॉगलमधून बघतो, परातीत पाणी घेऊन त्यातलं प्रतिबिंब बघतो आणि समजतो की आपण लई हुशार. परातीतला सूर्यही सूर्यच असतो हो!

एवढं सगळं आम्ही लोकांना सांगायला हवं होतं. आमच्या भिंतीवर काय लागायचं? 'ग्रहणाकडे पाहू नका.' बास. लाल अक्षरात. पंचांगवाले गुरुजीही हेच सांगायचे, घरातली म्हातारीही हेच सांगायची. का बघू नका, कशानं बघितलं तर चालतं, हे खाली बारीक अक्षरात, आणि ते वाचायला माझ्याकडून आधी चष्मा घ्यावा लागेल इतकं बारीक. याची मला शेवटपर्यंत चीड होती. आणि त्या चिडीला एक चेहरा आहे, म्हणून आज लिहायला बसले.

सुजाता आमची आशा सेविका. मी तिसगावकडच्या दवाखान्यात असतानाची, जवळच्याच एका गावातली, बारावी झालेली, बोलायला खणखणीत. मोतीबिंदूची माणसं आणावीत तर तिनंच. एखादा म्हातारा गाडीत बसेना तर ही त्याची पिशवी उचलून आधी गाडीत टाकायची, मग पिशवीच्या मागं म्हातारा आपोआप यायचा. तिचं घर गावाच्या पूर्वेला, बौद्ध वस्तीत. सासरे नामदेव तात्या, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, कपड्यांना कायम इस्त्री, आणि बोलणं मोजून.

या घराची एक रीत होती. ग्रहण लागलं की तात्यांच्या अंगणात चूल पेटायची आणि बरोबर ग्रहण चालू असताना सगळ्या वस्तीचा चहा व्हायचा. गावातली बाकी घरं दारं लावून, पाण्यात तुळशीपत्र टाकून, परातीत मुसळ उभं करून बसलेली. ते मुसळ पडलं की ग्रहण सुटलं असं मानायचे. आणि इकडे उघड्या अंगणात कपबश्या वाजतायत. मी तात्यांना एकदा विचारलं होतं, हे कधीपासून? तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, माजा आजा गिरानात गावातनं फिरायचा. 'दे दान, सुटे गिरान' असं वरडत. लोक दारातनं लांबून धान्य टाकायचे, फाटकं धडुतं टाकायचे. त्यांचं गिरान आमच्या अंगावर काढायचे. मग आमी धम्म घेतला. त्याच्यानंतरचं पयलं गिरान आलं तवा बाप म्हनला, आज कुनी कुनाच्या दारात जायचं न्हाई. आईनं भाईर चूल मांडली आन् च्या केला. लोक दाराच्या फटीतनं बगत हुते. पन केला." मला माझं घर आठवलं. माझ्या स्वतःच्या सासूबाई ग्रहणात मला सुरीसुद्धा हातात धरू द्यायच्या नाहीत.

डिसेंबरातल्या त्या सकाळच्या ग्रहणाच्या वेळी सुजाता पोटुशी होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस गेलेले, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं की पोराचा ओठ फाटतो, वर बघितलं की पोर आंधळं होतं, हे आपल्याकडे आजही मानतात. शिकलेलेही मानतात, फक्त हळू आवाजात. मी आदल्या आठवड्यात तिच्याकडे ग्रहणाचे चष्मे दिले होते. पुठ्ठ्याचे, काळ्या फिल्मचे, त्यातून सूर्य सोडून काहीच दिसत नाही असे. थोडेच मिळाले होते. पोरांना द्या, आळीपाळीनं वापरा, खाली मान घालून डोळ्यांवर चढवा आणि मगच वर बघा, असं सगळं सांगितलं होतं. सुजातानं ते पोरांना बरोबर शिकवलंही.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. अंगणात चहा उकळत होता. सुजाता मुद्दाम विळी घेऊन बसली आणि वांगी चिरायला लागली. समोरच्या आळीतल्या सरूबाईंचं दार किलकिलं होतं. सरूबाई म्हणजे गावच्या जुन्या सुईणीसारख्या, सगळ्यांच्या बाळंतपणाला हजर. त्यांनी दाराआडूनच ओरडून सांगितलं, "अगं ए पोरी! पोटुशी हायेस, वर बगू नगं! ऐक माजं!"

त्या मायेनंच ओरडल्या. पण सुजाताला ते वेगळंच ऐकू आलं. तिनं विळी बाजूला ठेवली, उठली, अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मान वर केली. पोरांनी चष्मा पुढं केला तर म्हणाली, राहू दे. "मॅडम, त्या वक्ताला मला वाटलं, चष्मा लावला तर त्या म्हनतील, बघा, भ्यालीच. लपूनच बघतीय." वस्तीतल्या बायका हसल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. तिनं पुन्हा बघितलं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तर पुसलं आणि परत बघितलं. तात्या ओट्यावरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला आठवत होतं. "लई अभिमान हुता, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती दवाखान्याची वेळ संपल्यावर. मी टेबल आवरत होते. दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचता येईना." मी तिला खुर्चीवर बसवलं, तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्यानं अडखळत वरच्या ओळी वाचल्या. डाव्यानं मात्र सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा तिला दिसेना. मग तिनं मान जराशी कलती केली आणि म्हणाली, "आता दिसलं. सरळ बघितलं की जातंय." मी गणिताच्या चौकटीचा कागद समोर धरला, मध्ये टिंब काढलं आणि म्हटलं, या टिंबाकडे बघ आणि काय दिसतं सांग. ती म्हणाली, "टिंब कुठाय? इथं तर धुराचा ठिपका हाय."

मी फार कमी वेळा रुग्णासमोर रडले आहे. तेव्हा रडले नाही, पण रागावले. फार रागावले. "अगं, तुला दहादा सांगितलं होतं! पोरांना शिकवलंस आणि तू? तुला अक्कल नाही का?" ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "थेंब द्या काहीतरी." थेंब नव्हते. याला औषधच नाही. वाट बघायची, इतकंच. नगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे मी तिला दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेले. त्यांनी पडद्याचा फोटो काढला आणि मला जे माहीत होतं तेच सांगितलं. काही महिन्यांत बरंचसं परत येईल, कदाचित सगळं, कदाचित नाही.

परतीच्या एसटीत तिनं माझा हात धरला. "मॅडम, कुनाला सांगू नका. घरी तर न्हाईच. तात्यांना कळलं तर त्ये मोडून पडतील. आन् गावाला कळलं तर म्हनतील, गिरान लागलं. मग पोराला उद्या साधा ताप आला तरी गिरानच." मी म्हटलं, नाही सांगणार. आमच्या धंद्यात रुग्णाची गोष्ट रुग्णाची असते, ती तिच्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून जाऊ शकत नाही.

उजवा डोळा उन्हाळ्यापर्यंत सुधारला. डाव्यात ठिपका राहिला तो राहिलाच. मुलगी झाली, सुदृढ, कुरळ्या केसांची. सगळ्या गावानं निमित्तं काढून येऊन तिचे ओठ बघितले, बोटं बघितली. सरूबाई तर बाळाला उजेडात नेऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "देवाची किरपा." सुजाता मला सांगताना हसली होती. पण तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. पोरीला पाजताना ती पोरीच्या कानाकडे बघत होती. उजवा डोळा शिणला की चेहरा बघायला तिला नजर थोडी बाजूला न्यावी लागायची.

मधलं एक ग्रहण लॉकडाऊनमध्ये आणि ढगांत गेलं. नंतरचं आलं ते दिवाळीत, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या मोकळ्या दिवशी, संध्याकाळी. सूर्य ग्रहणातच मावळणार होता. त्यामुळे ग्रहण सुटलं म्हणायचं कधी, जेवायचं कधी, यावर गावोगाव वाद. माझ्या डोक्याला वेगळाच घोर. मावळतीचा सूर्य लालसर, मवाळ दिसतो, लोक बिनधास्त बघतात आणि भाजून घेतात.

त्या दिवाळीच्या आधी सुजाता माझ्याकडे आली. या वेळी दार लावून बसली. तिच्या धाकट्या जावेला, करुणाला, दिवस गेले होते. "मॅडम, करुणा म्हनतीय, मी बी ताईसारखं उघड्या डोळ्यांनी बघनार. वस्तीतल्या पोरी म्हनतात, सुजाताताईनं बघितलं, तिला काय झालं? पोर बी चांगलं, डोळं बी चांगलं. सगळ्या तसंच बघनार हायत."

तिनं दडवलेलं दुखणंच आता पुरावा होऊन बसलं होतं. ती ठणठणीत आहे असं सगळी वस्ती धरून चालली होती आणि त्या जोरावर आणखी पाच-सात पोरी आपले डोळे सूर्यापुढे धरायला निघाल्या होत्या.

मी म्हटलं, "करुणाला एकटीला बाजूला घेऊन सांग."

"एकटीला सांगून गावात ऱ्हातंय व्हय? आन् बाकीच्या पोरींचं काय?"

"मग?"

"मग सांगावं लागंल. समद्यांसमोर." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पन मॅडम, मी कसं सांगू? मी 'डोळा गेला' म्हनलं की त्या म्हननार, गिरानानं गेला. मग आमच्या वस्तीतबी बाया दारं लावून बसतील. तात्यांच्या आईनं मांडलेली चूल माज्या डोळ्यामुळं इझली, असं व्हायला नगं."

तिच्यापुढचा पेच हा होता. मी इतकंच म्हटलं, "मी तक्ता घेऊन येते. बोलायचं काय ते तू ठरव."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी गावातल्या अंगणवाडीत मी डोळे तपासणी लावली. दोन्ही आळ्यांतल्या बायका आल्या, म्हातारे आले, तात्याही येऊन मागं भिंतीला टेकून उभे राहिले. तपासणी आटपत आली तशी सुजाता पुढं आली आणि म्हणाली, "मॅडम, आता माजे डोळे तपासा." तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मी तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं. शाळेतल्या पोरालाही दारातून वाचता येईल एवढं मोठं. सुजाता म्हणाली, "न्हाई दिसत." मी पुढचं दाखवलं. "न्हाई." करुणा पुढं झाली, "ताई, चेष्टा करताय का?"

"चेष्टा न्हाई गं. त्या गिरानाच्या दिवशी बघितल्यापासनं ह्या डोळ्याला मधलं काय दिसत न्हाई. मी कुनाला सांगितलं न्हाई."

सरूबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं माय! मी वरडून सांगत हुते न्हवं? गिरान लागलं की गं तुला!"

आता सगळी त्यांच्याकडे बघायला लागली. मला वाटलं, संपलं. पण सुजातानं आपल्या पोरीला उचलून सरूबाईंच्या समोर उभं केलं. "आत्या, गिरान लागत असतं तर हिला लागलं असतं. मी वांगी चिरली, च्या पिला, भाकरी खाल्ली. ही बघा. व्हट बघा, बोटं मोजा. तुमीच बघून गेल्ता न्हवं? हिला काय बी झालं न्हाई. माजा डोळा गेला त्यो सूर्याकडं टक लावून बघितलं म्हनून. गिरान नसतं तरी गेला असता. उद्या दुपारी तुमी अंगनात हुबं ऱ्हाऊन तसंच बघा, तुमचाबी जाईल. आन् चष्मा लावून बघितलं असतं तर, गिरान असून बी, माजा ऱ्हायला असता." मग ती करुणाकडे वळली. "तू बघ. भाईरच बघ, च्या पीत बघ. पन चष्मा लावून. त्याला भ्याली म्हनत न्हाईत. ईस्तव हातात धरत न्हाई आपन, सांडशी लावतो. तसं."

सरूबाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसून राहिल्या. मी मागं बघितलं तर भिंतीपाशी तात्या नव्हते.

तात्या घरी जाऊन निजले ते दुसऱ्या दिवशीही कुणाशी बोलले नाहीत, असं सुजातानं फोनवर सांगितलं. दिवाळी असून. तिचा आवाज रडका होता. "मोडलेच बघा त्ये, मॅडम." ग्रहणाच्या दिवशी सुट्टी होती, घरी नातवंडं आलेली, तरी मी चष्म्यांची पिशवी घेऊन तिच्या गावी गेले. मला राहवलं नाही. चूल पेटते की नाही हे मला बघायचं होतं.

चूल पेटली होती. चहा करुणा करत होती. पोरीबाळी अंगणात माझ्या चष्म्यांभोवती जमल्या. मी एकेक चष्मा उजेडाकडे धरून त्याला भोक नाही ना, ओरखडा नाही ना ते बघत होते आणि दामटत होते, "आधी खाली बघा! मग लावा! आणि काढताना पुन्हा खाली!" मावळतीकडे सूर्य उतरला होता आणि त्याचा काठ खाल्ल्यासारखा दिसायला लागला होता. करुणानं कपात चहा ओतला, चष्मा लावला आणि वर बघून ओरडली, "अगं बया! चतकोर गेला की!" सगळ्या हसल्या. समोरच्या आळीत सरूबाईंचं दार अर्धं उघडं होतं. त्या आल्या नाहीत, पण ओरडल्याही नाहीत. मी एका पोरीजवळ त्यांना चष्मा पाठवला. त्यांनी तो परत पाठवला नाही.

तेवढ्यात तात्या बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. कुणाकडे न बघता माझ्यापाशी आले, जयभीम केला आणि हात पुढं केला. "मलाबी द्या एक. मी आजवर उघड्या डोळ्यांनीच बघत आलो. आता सून म्हनतीय तर चष्म्यानं बघतो." मी चष्मा दिला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खाली मान घालून तो लावला आणि वर बघितलं.

"मॅडम, ह्यातनं तर काय बी दिसत न्हाई. काळाकुट्ट अंधार हाय."

पोरी हसायला लागल्या. "तात्या, तिकडं न्हाई, हिकडं बघा! त्या लिंबाच्या वर!" एकीनं त्यांचे खांदे धरून त्यांना नीट फिरवलं. ते सूर्याच्या अगदी समोर उभे होते. मी शेजारी उभं राहून बघितलं, मान बरोबर होती, चष्मा बरोबर होता. तात्या म्हणाले, "न्हाई बा. कायच न्हाई." मग त्यांनी मान जराशी डावीकडे वळवली. "हां. आता आला. सरळ बघितलं की जातुया आन् बाजूला बघितलं की येतुया. असाच असतो काय चष्मा?"

पोरी हसतच होत्या. मला हसू येईना. सुजातानं हातातली कपबशी हळूच ओट्यावर ठेवली.

मी विचारलं, "तात्या, पेपर वाचताना अक्षरं जातात का मधली?"

"लई वर्सं झाली जातात. दोनी डोळ्यांनी. वर्कशॉपात बी नट हातानं चाचपूनच बसवायचो. मला वाटायचं, वय झालं." आणि मग ते थांबले. चष्मा तसाच डोळ्यांवर, मान तशीच कलती. त्यांनी अख्ख्या आयुष्यात किती ग्रहणं बघितली असतील, हे मी विचारलं नाही. ते आपलं आपणच मोजत असावेत. मग म्हणाले, "म्हंजी पोरीचं गेलं त्ये माज्यापासनंच आलं. मी तिला ह्येच शिकवलं."

चुलीत लाकूड तडतडत होतं. तात्यांनी चष्मा काढायला हात वर नेला, खाली बघायचं विसरून. सुजाता पटकन पुढं गेली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"काढू नका, तात्या. अजून हाय त्यो," ती म्हणाली. मग स्वतः चष्मा लावून त्यांच्या शेजारी उभी राहिली, उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि आपलीही मान तेवढीच कलती केली. "असं बघायचं. मी बी असंच बघते. दिसतोय न्हवं?"

"दिसतोय," तात्या म्हणाले.

सूर्य मावळेपर्यंत ती दोघं तशीच मान कलती करून उभी होती, आणि करुणा दोघांचा चहा पुन्हा गरम करत होती.